हँडलर हाक का देत नाही
व्हीबीस्क्रिप्टमधून (विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेतून) एक्सेल सुरू होतं, पण वर्कबुक उघडल्यावर तुमचा हँडलर (इव्हेंट म्हणजे अशी घटना घडली की आपोआप चालायचा कोड) चालत नाही, म्हणजे बहुधा नुसतं क्रिएटऑब्जेक्ट (दुसऱ्या प्रोग्रॅमचा ऑब्जेक्ट बनवून देणारं फंक्शन) वापरलंय. त्याचा दुसरा पॅरामीटर सर्व्हरचं नाव असतो, इव्हेंटशी त्याचा संबंध नाही. इव्हेंट जोडून देतं ते डब्ल्यूस्क्रिप्ट.क्रिएटऑब्जेक्ट (डब्ल्यूस्क्रिप्ट म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोज स्क्रिप्ट होस्टचा ऑब्जेक्ट). त्याला दुसरा पॅरामीटर म्हणून 'एक्सएल_' हा प्रीफिक्स (नावाआधीचा भाग) द्या आणि हँडलरच्या सबचं नाव ठेवा एक्सएल_वर्कबुकओपन, म्हणजे प्रीफिक्स आणि त्यापुढे इव्हेंटचं नाव. अंडरस्कोअर आपोआप लागत नाही, तो प्रीफिक्समध्येच हवा. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.

ऑब्जेक्ट आधीच हातात असेल तर इव्हेंट जोडायला डब्ल्यूस्क्रिप्ट.कनेक्टऑब्जेक्ट वापरा.

आणि शेवटची ओळ झाली की स्क्रिप्टच संपते, मग इव्हेंट ऐकणार कोण? म्हणून लूपमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट.स्लीप २०० (२०० मिलिसेकंद थांब) ठेवा. स्लीपमध्येही इव्हेंट पोचतात. रिकामा लूप नको, सीपीयू खातो.