ऑक्टोपसने घरच्या टाकीत अंडी घातली आहेत. पिल्ले जगवता येतील का?

मिरजकर:
नमस्कार. सांगलीत माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी असून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणलेली ऑक्टोपसची मादी तीत आहे. टाकीत नर कधीच नव्हता, तरीही तिने दगडाच्या कपारीत तांदळाच्या कणीएवढ्या अंड्यांचे घोस लावले आहेत आणि खेकडा समोर धरला तरी ती शिवत नाही. ती आजारी आहे का? पिल्ले वाढवण्याची इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खारेपाणी:
मादी आजारी नाही. नराकडून मिळालेले शुक्राणू ती दीर्घकाळ साठवून ठेवू शकते, त्यामुळे पकडण्यापूर्वी मिलन झाले असल्यास अंडी फलित असतील. तशी असल्यास पारदर्शक कवचातून पुढे पिल्लांचे काळे डोळे दिसू लागतील. अंडी घातल्यावर अन्न सोडणे आणि ती उबवून झाल्यावर मरणे हा तिचा नैसर्गिक क्रम आहे. १९७७ मध्ये संशोधक जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांजवळील ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि अधिक काळ जगल्या. आपण मात्र तिला अजिबात हलवू नये, कारण अंड्यांवर पाण्याचा झोत सोडून आणि भुजांवरील चूषकांनी ती पुसून तीच त्यांना बुरशीपासून वाचवते.

प्राणिशास्त्र_सातारा:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण पिल्लांबाबत फार आशा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सारा प्रश्न अंड्याच्या आकाराचा आहे. मेक्सिकोतील ऑक्टोपस माया या जातीची अंडी मोठी असतात व पिल्ले जन्मतःच तळाशी राहून शिकार करतात. म्हणून ती बंदिस्त जागेत वाढवणे तुलनेने सोपे जाते. बारीक अंड्यांतून निघणारी पिल्ले मात्र प्लवकांप्रमाणे पाण्यात तरंगतात. सामान्य ऑक्टोपस (ऑक्टोपस व्हल्गॅरिस) या जातीची मादी लाखांत अंडी घालते आणि तिची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पिल्ले दीड-दोन महिने तरंगत राहून मगच तळाशी उतरतात. याच काळात प्रयोगशाळांतही बहुतेक दगावतात, कारण नुसत्या आर्टेमियात (खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या बारीक कोळंबीसारख्या जिवांत) त्यांना लागणारी मेदाम्ले पुरेशी नसतात. खेकड्यांच्या जिवंत अळ्या दिल्यास निकाल बरे येतात, पण त्या सांगलीत रोज आणणार कोठून? शिवाय तळाशी उतरलेली पिल्ले एकमेकांना खातात, हे वेगळेच.

मिरजकर:
दोघांचेही आभार. डोळे दिसले, तर निदान वाढीच्या नोंदी ठेवीन. उन्हाळ्यात खोली फार तापते, त्याचा परिणाम होईल का?

खारेपाणी:
निश्चित होईल. सामान्य ऑक्टोपसची अंडी २५ अंशांच्या आसपास साधारण महिनाभरात फुटतात, तर १३ अंशांना तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. पण फार तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) लावावा. टाकीच्या जोडणीत तांब्या-पितळेचा भाग असल्यास तो मात्र आजच काढावा, कारण पाण्यात उतरलेले तांबे ऑक्टोपसला विषारी ठरते.