काकूंची तुळस चालते, मग बहिणीचा टॅटू का नको?

लातूरकरीण
चुलत बहिणीनं मनगटापासून कोपरापर्यंत वेलीचा टॅटू काढला आणि घरात अबोला सुरू झाला. "अंगाची नासाडी केली" म्हणणाऱ्या काकूंच्या स्वतःच्या हातावर तुळस आहे, कपाळावर ठिपका आहे. एकाच घरात एक गोंदण सौभाग्याचं आणि दुसरं पोरगी वाया गेल्याचं कसं? माझ्या मते अंग सजवणं ही माणसाची सगळ्यात जुनी कला. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षं जुन्या ओत्झी नावाच्या माणसाच्या मृतदेहावरही गोंदणाच्या ६१ खुणा आहेत.

जालन्याचे गुरुजी
ओत्झीला मधे आणू नका. त्याच्या अंगावर रेघा आणि फुल्या आहेत, त्याही बऱ्याचशा कंबर, गुडघा, घोटा इथं. तो दुखण्यावरचा उपाय असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

बीडचा भरतीवाला
कला असंल, पण पोटावर पाय येतो त्याचं काय? केंद्रीय पोलीस दलांच्या भरतीत टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला नाहीतर पंजाच्या मागं, तोही त्या भागाच्या चौथाईपेक्षा लहान. उजवा हात सलामीचा, त्यावर चालत नाही. आमच्या ग्राउंडवर पोरं पहाटे अंधारात पळतात, आणि जत्रेत हौसेनं काढलेल्या नावापायी मेडिकलला अडकतात. मग लेझर. त्यानं शाईचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं, म्हणून महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. एवढे पैसे कुणाकडं आहेत?

अंबाजोगाईची लेक
बहिणीच्या टॅटूला माझा विरोध नाही, काकूंच्या तुळशीला कला म्हणण्याला आहे. माझ्या आजीला गोंदलं तेव्हा ती परकरात होती. दोघी बायांनी हात दाबून धरला, गोंदणारीनं तीन-चार सुया एकत्र बांधून काजळ टोचलं. हात सुजला, ताप आला. कारण काय, तर "गोंदल्याशिवाय सासरी हातचं पाणी पीत नाहीत". जिला कुणी विचारलंच नाही, तिच्या कातडीचं कौतुक करताना निदान एवढं तरी आठवावं.

लातूरकरीण
पण त्याच बाया म्हातारपणी "मेल्यावर एवढंच संगं येतं" म्हणत ते गोंदण मायेनं दाखवतात, तेही खरंच आहे ना? आणि मर्जीचाच मुद्दा असेल तर तो माझ्याच बाजूचा आहे. फ्रान्सच्या ओर्लान या कलावतीनं १९९० ते १९९३ मध्ये स्वतःच्या चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियाच कलाकृती म्हणून मांडल्या. फक्त जागेपुरती भूल घेऊन ती शुद्धीवर राहायची, मजकूर वाचायची. बाईचा चेहरा कसा असावा हे ठरवणाऱ्यांना तिनं तिथूनच उत्तर दिलं.

जालन्याचे गुरुजी
मग ऑस्ट्रेलियाचा कलाकार स्टेलार्कही आलाच, १९७६ पासून कातडीत हुक अडकवून स्वतःला टांगून घेणारा. त्याचे फोटो कलादालनात लागतात. आमच्या शेंद्र्याला मांगीरबाबाच्या यात्रेत नवस फेडायला पाठीत गळ टोचून घेत, त्याला मात्र अंधश्रद्धा म्हणतात. रक्त दोन्हीकडं सारखंच. मला दोन्ही नकोत. शरीर धडधाकट ठेवणं हेच पुरेसं मोठं काम आहे.

अंबाजोगाईची लेक
गुरुजी, सारखं कसं? स्टेलार्कला नको वाटलं तर तो हुक काढून घरी जाऊ शकतो. लेकरू जगावं म्हणून नवस बोललेल्या गरीब माणसाला देवाच्या धाकानं ते जमत नाही. त्याच्या पाठीला कलाही म्हणू नका आणि त्याला हिणवूही नका. त्याच्या लेकरासाठी गावात दवाखाना मागा.

जिल्हा रुग्णालयातली सिस्टर
कला की नासाडी, ते तुम्ही ठरवा. जत्रेत एकाच सुईनं अख्खी रांग गोंदून निघते, त्यातून हिपॅटायटिस बी, सी पसरतो. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, शाई वेगळ्या टोपणात ओतून घ्या. लाल शाईनं खाज, गाठी जास्त येतात. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, ते लपवू नका.

बीडचा भरतीवाला
बहिणीचा कोणता हात आहे? आणि भरती द्यायचीय का तिला?

लातूरकरीण
उजवा. भरती नाही, ती बँकेत आहे. टॅटू स्वतःच्या पगारातून काढलाय. सुई समोर फोडली होती का, ते आज विचारते.