मदत हवी आहे: सिग्नलला सायकल आणि पादचारी, आधी हक्क कोणाचा?

टीटीकर: दादर टीटीचा सिग्नल. पादचाऱ्यांचा हिरवा असताना धडक बसली. समोरचे म्हणतात सायकलला सिग्नल लागू नाही. कलम हवंय, संध्याकाळच्या आत. लवकर सांगा.

पेडलराजे: तुम्ही सायकलवर होता की पायी? मी रोज सायकलने ऑफिसला जातो. लोक मोबाईलमध्ये डोकं घालून झेब्रा सोडून कुठूनही उतरतात. मोठा भोंगा लावा, साध्या घंटीला कोणी विचारत नाही.

निवृत्त_वकील: सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या 'मोटार वाहना'त बसत नाही. नंबरप्लेट नाही, ई-चलान पाठवणार कुठे? पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागतं. बेदरकारपणे चालवून इजा होण्याची शक्यता असेल तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम २७९. लागलं किती?

पार्कवाली_काकू: दादरच्या सिग्नलवर २०२० मध्ये बाईची आकृती आली, ती पाहिलीत का? फ्रॉकवाली. छान दिसते.

पेडलराजे: काकू, इथे माणूस पडलाय.

टीटीकर: अहो बाबा चालत होते! पाववाल्याची सायकल डावीकडे वळली. गुडघ्याला मुका मार. लेफ्ट फ्री असतो म्हणे, डावीकडे वळायला सिग्नलला थांबावं लागत नाही.

पेडलराजे: हे आधी लिहायचं ना! फ्री लेफ्टची पाटी आहे का तिथे? आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून त्या गरिबाने ब्रेक मारायचा कसा? सायकलला वेगळी जागाच नाही. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) सायकल ट्रॅक केला २०११ ला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या.

निवृत्त_वकील: पाटी असली तरी झेब्रावरचा माणूस आधी. गरीब आहे म्हणून दुसऱ्याच्या गुडघ्यावर चढायचं? पोलीस ठाण्यात अर्ज द्या, डॉक्टरांचा कागद जोडा.

टीटीकर: पाटी बघितली नाही, जाऊन फोटो काढतो. अर्ज नाही द्यायचा. तो आमच्याच बिल्डिंगला पाव देतो, एक्स-रेचे पैसे स्वतःहून देऊन गेला.

निवृत्त_वकील: मग कलम कशाला?

टीटीकर: सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात सगळ्यांना सांगत फिरतायत की चूक बाबांचीच. आज आठला मीटिंग आहे.

पार्कवाली_काकू: पाव कडक आणतो की लादी?