लहान पोराला पहिली गिटार कुठली?

या प्रश्नावर एकानी लिहिलंय की पोरांनी पहिल्यापासून स्टीलच्या तारांवरच शिकावं, बोटं आपोआप घट्ट होतात. मला नाही पटत. माझी पहिली गिटार मामानं आणलेली, स्टीलचीच, आणि तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरची पट्टी, जिथं तारा दाबतात) एवढ्या उंच की एफचा बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायचा) धरला की मनगट भरून यायचं. पुढं सरांची नायलॉन तारांची क्लासिकल हातात आली तेव्हा कळलं, बोटांत काही कमी नव्हतं. लाइट गेजच्या (म्हणजे पातळ) सहा स्टील तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास, नायलॉनचा ४० च्या जवळपास, आठ-नऊ वर्षांच्या पोराला हा फरक लई मोठा आहे. फक्त क्लासिकलची मान रुंद, नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) साधारण ५२ मिमी, स्टीलवाल्याची ४३ च्या आसपास, म्हणून पाऊण साइज घ्या.

पण मला खरं घडवलं ते आत्याच्या तंबोऱ्यानं. ती कोल्हापूरच्या देवल क्लबात (गाण्याची जुनी संस्था) गाणं शिकायची, तंबोरा मिरजेचा (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, लई आनंद झाला), आणि ती जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) जरासा सरकवायची की अख्खा आवाज उघडायचा, ते ऐकत ऐकतच माझा कान तयार झाला. म्हणून पोराला ट्यूनर ॲप द्या, पण आधी कानानं जुळवायला लावा: जाड तार पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबून पुढची मोकळी मिळवायची, असंच खाली यायचं, फक्त तिसरीवरून दुसरी लावताना (सगळ्यात बारीक तार पहिली धरून) चौथा फ्रेट.