स्लमडॉग मिलियनेअर: पहिला भाग खरा वाटतो, पुढचा का नाही?

रातराणी: झोपडपट्टीतला जमाल टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत बरोबर उत्तरं देत जातो, पोलिसांना फसवणुकीचा संशय येतो आणि चौकीत तो एकेका उत्तरामागची आपली गोष्ट सांगतो, तो हा पिक्चर भाचीला दाखवायचा म्हणून परत बघितला. लहानपणाचा सगळा भाग बघताना ती जागची हलली नाही, अमिताभच्या सहीसाठी पोरगं संडासाच्या खड्ड्यात उडी मारतं तिथे तोंडावर हात ठेवून बघत होती. पण पोरं ट्रेनवरून पडतात आणि उठतात ती थेट ताजमहालासमोर, मोठी होऊन, इंग्रजी बोलत, तिथून पुढे तिचं मन उडालं आणि खरं सांगायचं तर माझंही. आठ ऑस्कर मिळालेला पिक्चर आहे, मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच विचारतेय, हे फक्त भाषेमुळे होतं की गोष्टच तिथे सैल पडते?

उलटा_चष्मा: भाषा हे मोठं कारण आहेच. मूळ स्क्रिप्ट इंग्रजीत होती, पण एवढी लहान मुंबईची पोरं इंग्रजीत बोलली तर कुणाला पटणार, म्हणून तो भाग हिंदीत केला आणि ते घडवून आणण्यात सहदिग्दर्शक लवलीन टंडनचा वाटा मोठा होता. दिग्दर्शक डॅनी बॉयलचं नाव सगळे घेतात, तिचं घेत नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं. दुसरं म्हणजे कॅमेरा. कॅमेरामन अँथनी डॉड मँटलने गल्लीतल्या बऱ्याच शूटिंगला छोटा डिजिटल कॅमेरा वापरलाय, रेकॉर्डिंगचं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, त्यामुळे पोरं पळतात तेव्हा तो त्यांच्या उंचीवरून त्यांच्यामागे पळतो. पोलिस चौकीत आणि स्टुडिओत माणसं बसून बोलतात, मग ती धाव राहत नाही.

नव्वद_फुटी: मी धारावीत वाढलोय. संडासाची रांग खोटी नाही हो, आम्ही डबा घेऊन उभे राहिलोय, त्यात लाज कसली. माझी तक्रार वेगळी आहे. कुंभारवाड्यात दिवाळीआधी बघा, पाय ठेवायला जागा नसते इतक्या पणत्या वाळत घातलेल्या असतात, तेरा कंपाउंडला माणसं दिवसभर बसून प्लास्टिक निवडतात, लेदरचे कारखाने आहेत, पोटमाळ्यावर शिलाई मशीन चालू असतात. पिक्चरमध्ये भीक, चोरी, गुंडगिरी भरपूर आणि काम जवळजवळ नाहीच. जमालची आई कपडे धुताना दिसते आणि तिथेच दंगलीत मारली जाते.

पण पुढचा भाग खोटा म्हणू नका. जमालचा मोठा भाऊ सलीम अर्धवट बांधलेल्या टॉवरवर उभा राहून भावाला खाली दाखवतो की इथे आपली वस्ती होती, तो सीन मला सगळ्यात खरा वाटतो. एसआरए, म्हणजे झोपडपट्टीच्या जागी इमारती बांधून पात्र लोकांना घरं देणारी योजना, 1995 ची, तेव्हापासून मुंबईत किती वस्त्या अशा गेल्या, कोण पात्र कोण अपात्र यावर घराघरात भांडणं झाली, ज्यांचे कागद पूर्ण नव्हते ते कुठे गेले कुणी विचारलं नाही. आणि तिथे टॉवर बांधणाऱ्यासाठीच सलीम बंदूक घेऊन फिरतोय! दिग्दर्शक त्या सीनवर अजून थांबायला हवा होता, ते दोघं लगेच वेगळ्याच विषयावर जातात.

सूरपेटी: त्या आंधळ्या पोराला विसरू नका कुणी. लहानपणी अरविंद 'दर्शन दो घनश्याम' गातो आणि गाणं चांगलं म्हणाला म्हणूनच पोरांना भीक मागायला लावणारी टोळी त्याचे डोळे घालवते. मोठेपणी जमालला तो सबवेत भीक मागताना भेटतो, जमाल हातात शंभर डॉलरची नोट ठेवतो, तर तो म्हणतो त्यावर काय चित्र आहे ते सांग, आणि वर्णन ऐकून बेंजामिन फ्रँकलिन हे नाव तोच सांगतो. सीन पुढच्या भागातला आहे, इंग्रजीत आहे, तरी मला दर वेळी रडू येतं. म्हणजे नुसती भाषा नाही, जिथे लहानपणीचं देणंघेणं पुढे येतं तिथे पिक्चर उभा राहतो आणि जिथे फक्त लहानपणीच्या मैत्रिणीला, लतिकाला, शोधायचं असतं तिथे बसतो.

एक मात्र मला खटकतंच. प्रश्नमंजुषेत ते गाणं कुणाचं याला सूरदास हे उत्तर बरोबर धरलंय, पण ते 1957 च्या 'नरसी भगत'मधलं, गोपालसिंह नेपालींनी लिहिलेलं. सगळी गोष्ट बरोबर उत्तरांवर उभी आहे, तर एवढं तपासायलाच हवं होतं, नेपालींना त्यांचं नाव मिळायला हवं होतं.

रातराणी: @नव्वद_फुटी, टॉवरचा सीन मी नुसता भावाभावांचं भांडण म्हणून बघितला होता, खाली कोणाची घरं होती हा विचार केलाच नाही. @सूरपेटी, नेपालींचं माहीत नव्हतं, भाचीला सांगते, ती गाणं शिकते.

उलटा_चष्मा: तिला हिंदी आवृत्तीपण दाखवा, 'स्लमडॉग करोडपती', 2009 च्या जानेवारीत दोन्ही एकदमच लागले होते. ताजमहालापाशी भाषेचा तो धक्का त्यात बसत नाही, पण मोठ्या जमालचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत ते सहन करावं लागेल.