ईसीओंची यादी: सॉफ्टवेअर घ्यावं की एक्सेल पुरे?

डिझाइन, चाकण
आमच्याकडे महिनाभर एकच वाद चाललाय. चालू प्रोजेक्टमधल्या सगळ्या ईसीओ, म्हणजे इंजिनिअरिंग चेंज ऑर्डर (पार्टच्या डिझाइनमधल्या बदलाचा लेखी आदेश), एका यादीत दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही? मालक म्हणतात, एक्सेलचं रजिस्टर आहे ना, मग झालं. मला ते अजिबात पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ब्रॅकेटचं भोक ८.२ वरून ८.५ मिमी केलं. ईसीओ निघाली, रजिस्टरमध्ये नोंद झाली, ड्रॉइंग रिव्हिजन 'सी' झालं. मशीनला अडकवलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मात्र कूलंटचे डाग पडलेलं 'बी' तसंच राहिलं. नाइट शिफ्टने त्याच्यावरच ३४० नग काढले. कस्टमरच्या लाइनवर बोल्ट आत जाईना तेव्हा कळलं. रजिस्टरमध्ये सगळं बरोबर होतं, पण ते उघडत होतो मी एकटा. पार्ट नंबर टाकला की त्यावरच्या सगळ्या ईसीओ, कुठली मंजूर, कुठली कधीपासून लागू, हे सुपरवायझरलाही दिसायला हवं.

टर्निंग शॉप, भोसरी
साहेब, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. चूक फोल्डरमधल्या कागदाची, सॉफ्टवेअर तो कागद कसा बदलणार? आमच्याकडे नियम साधा आहे. जुनं ड्रॉइंग हातात परत आल्याशिवाय नवं द्यायचं नाही, आणि जुन्यावर तिथल्या तिथे लाल शिक्का मारायचा. चौदा मशीनचं शॉप आहे, एवढ्यावर चालतं. आधी जिथे नोकरीला होतो तिथे असलं सॉफ्टवेअर होतं. ऑडिट आठवड्यावर आलं की लोक बसून एकेक ईसीओ 'क्लोज्ड' करायचे. शॉपमध्ये बदल झालाय का, हे बघायला कोणी उठत नसे.

क्वालिटी, नाशिक
दादा, शिक्का हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण चौदा मशीनच्या पुढे काय? आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात कस्टमरकडून आलेल्या इंजिनिअरिंग बदलाचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हावा अशी अपेक्षा आहे, आणि प्रत्येक बदल प्रॉडक्शनमध्ये कुठल्या तारखेला लागू झाला याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. चार कस्टमर, प्रत्येकाचे दहा-दहा पार्ट. ऑडिटर एक नग उचलून विचारतो, "हा बदल कधीपासून?" तेव्हा मी तीन एक्सेल आणि मेलचा इनबॉक्स धुंडाळत बसते. ही तारीख एका जागी हवी.

जनरल मोटर्सचं प्रकरण आठवा. छोट्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता. किल्ली चालत्या गाडीत सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. २००६ मध्ये स्विचच्या आतला प्लंजर आणि स्प्रिंग बदलली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढच्या गाड्यांत दोष कमी का, हे तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षं उमगलं नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. हे वाचल्यापासून तोच नंबर ठेवून केलेल्या बदलावर माझ्या हातून सही होत नाही.

टर्निंग शॉप, भोसरी
ताई, हे उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. एवढ्या मोठ्या कंपनीत काय यंत्रणा कमी होत्या? माणसाने नंबर बदलला नाही, म्हणून बदल झाकला गेला. जे सांगितलंच नाही ते यादीत येणार कुठून? आमच्याकडे निम्मे बदल फोनवर येतात, "जरा चॅम्फर (कडेचा तिरका काप) वाढवा, कागद मागून पाठवतो." तो कागद आला नाही तर माल काढायचा नाही, एवढं मालकाला कस्टमरपुढे बोलता आलं पाहिजे. लाख रुपयांच्या सॉफ्टवेअरने ती हिंमत येत नाही.

स्टोअर्स, छत्रपती संभाजीनगर
मी पंधरा वर्षं स्टोअरला आहे. या वादात जुन्या मालाचं कोणीच बोलत नाही. ईसीओ निघते त्या दिवशी माझ्या रॅकवर जुने नग असतात, लाइनवर अर्धवट झालेले असतात, प्लेटिंगला बाहेर गेलेले वेगळेच. ते वापरायचे, रिवर्क करायचे की भंगारात टाकायचे? ईसीओवर तो रकाना बहुतेक वेळा रिकामा येतो. मग मी फोन करतो, डिझाइन म्हणतं पर्चेसला विचारा, पर्चेस म्हणतं डिझाइनला. सॉफ्टवेअर घ्याच, पण तो रकाना भरल्याशिवाय ईसीओ पुढे सरकू नये अशी अट घाला. एक्सेलमध्ये रिकामी जागा कोणालाच टोचत नाही.

डिझाइन, चाकण
तुम्ही बोलल्यावर आमच्या शेवटच्या वीस ईसीओ काढून पाहिल्या. अकरांवर हा रकाना कोरा आहे, आणि त्यातल्या सात माझ्या सहीच्या आहेत. भोसरीकर, फोनवरच्या बदलांबद्दलही तुमचं खरं आहे, तिथे सॉफ्टवेअर काही करणार नाही. पण कोरा रकाना असला तर ते मला सही करू देणार नाही. मला ते त्यासाठीच हवंय. उद्या हे अकरा कागद घेऊन मालकांकडे जातो. लाल शिक्क्याची ऑर्डर मात्र आजच दिली.