एकच ओटा, दोन आहार: काय वेगळं ठेवायचं आणि काय नाही?

दुपारची_उसळ

घरात पाच माणसं. सासूबाई माळकरी, मी अंडंही न खाणारी, नवरा आणि दोन्ही मुलं मासे-मटणवाली. आजवर त्यांचं खाणं बाहेर व्हायचं, आता आठवड्यातून दोनदा घरीच करायचं ठरलं आहे. ओटा एक, सिंक एक, फ्रिज एक.

भांड्यांत खरोखर वेगळं काय लागतं? सगळा संच दुप्पट करायला जागा नाही. दुसरं, दोन्ही प्रकारचा रस्सा एकाच वेळी करायचा तर मेहनत कशी वाचेल? तिसरं, "मटणाशिवाय ताकद येत नाही" असं एक बाजू सांगते आणि "वरणभातात सगळं आलं" असं दुसरी. आकडे कोणी देईल का?

कुणी काय खावं हा वाद आमच्याकडे मिटला आहे. तो इथे नव्याने पेटवू नये ही विनंती.

बिडाचा_तवा

विनंती पाळली जाईल असं वाटत नाही, पण भांड्यांचं सांगतो.

भांडं कशाचं आहे यावर सगळं अवलंबून. स्टील आणि काच नीट घासली की विषय संपला. लाकूड, माती, बीड, लोखंड, ओरखडे गेलेलं नॉनस्टिक आणि रबर यांत मात्र वास मुरतो. बिडाच्या तव्यावर तेल तापून तापून जो काळा थर बसतो, त्यात माशाची चरबीही जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी त्यावर चपाती टाकली की वास उठतो. घासून तो जात नाही, उलट थर निघतो आणि तवा चिकटायला लागतो.

तेव्हा वेगळं घ्यायचं ते एवढंच: मासे तळायचा तवा, एक विळी, एक फळी, एक लाकडी डाव आणि कुकरची दुसरी रबरी रिंग. कुकर तोच चालेल. शिटीच्या नळीत रस्सा अडकतो, ती काडीने साफ करावी लागते. विळी वेगळी अशासाठी, की पातं पाटात जिथे बसतं त्या सांध्यात रक्त आणि खवलं जातात आणि तिथे घासणी पोचत नाही. हो, घासणीही वेगळी. भांडी दुप्पट करून घासणी एकच ठेवणारे लोक बरेच आहेत.

धुताना आधी गार पाणी. अंड्याच्या किंवा माशाच्या भांड्यावर थेट कढत पाणी ओतलं की प्रथिन शिजून चिकटतं. गार पाण्याने खळबळून घ्या, मग साबण, शेवटी गरम पाणी. तरी वास उरलाच तर लिंबाची साल किंवा वापरलेली आमसुलं चोळा. माशाला वास देणारं द्रव्य अल्कधर्मी असतं. आंबटाने त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही.

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेलासारखे जंतू. दुकानातून आणलेल्याला रक्त असतंच, तर पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढा, ते पाणी अलगद सोडा आणि सिंक साबणाने धुवा. शाकाहारी स्वयंपाक आधी उरकून झाकून ठेवायचा, मग दुसरा. कोशिंबीरसुद्धा आधीच चिरलेली बरी.

फ्रिजमध्ये कच्चं मांस सर्वांत खाली, घट्ट झाकणाच्या डब्यात. वर ठेवलं की गळून खालच्या दह्यात जातं. बांगडा तर बाजारातून आल्याआल्या गार झालाच पाहिजे. तो उबेत पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं.

खवलं-आतडी कागदात गुंडाळून पिशवीत बांधा, फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी थेट घंटागाडीत. मासे तळलेलं तेल गाळून वेगळ्या बरणीत ठेवा, एक-दोन दिवसांत माशाच्याच आमटीत संपवा. पुऱ्यांना ते तेल लावू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

तुळशीमाळ

फ्रीझरमध्ये आतडी? माळकरी बाईच्या घरात? मासे बाजारातच साफ करून, तुकडे करून आणा, घाण घरात येऊच देऊ नका. कोळणी पन्नास प्रश्न न विचारता करून देतात.

"स्टीलमध्ये मुरत नाही" हे बरोबर आहे, पण त्याने काम भागत नाही. ज्या पातेल्यात मटण शिजलं त्यातली आमटी सासूबाईंच्या घशाखाली उतरत नसेल तर त्यांना धातूंचे गुणधर्म ऐकवून काय होणार? त्यांची दोन पातेली, एक कढई, एक पळी, ताट-वाटी-तांब्या वेगळे ठेवा. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरतात तशी काठावर एक खूण कोरून घ्या, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही कळेल. जागेचं म्हणाल तर हे सगळं एका कप्प्यात मावतं. शक्य असेल तर मांसाहारासाठी एका बर्नरची इंडक्शन शेगडी खिडकीजवळ लावा. तिच्यावर सपाट बुडाचं आणि चुंबक चिकटेल असंच भांडं चालतं, तेव्हा तवा घेताना बघून घ्या.

वारही आत्ताच ठरवून टाका. एकादशी, गुरुवार, संकष्टी सोडली तरी आठवड्यात दोन दिवस सहज निघतात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण लागतो. नियम मोडायची ओढ तेव्हाच जास्त होते आणि सुकटीचा डबा बाहेर निघतो. सुकट-बोंबील काचेच्या घट्ट बरणीत आणि फ्रीझरमध्येच ठेवावेत. प्लास्टिकचा डबा त्या वासाला अडवत नाही.

कोकम_आगळ

वाद चालू द्या, रस्सा मी सांगतो.

वाटण एकच करा आणि ते पूर्ण शाकाहारीच असतं हे ध्यानात घ्या. अर्धा किलो मटण आणि पाव किलो काळे वाटाणे धरले आहेत. एका नारळाचं ओलं खोबरं आणि तीन मध्यम कांदे उभे चिरून, वेगवेगळे भाजायचे. कांदा पाणी सोडतो, दोन्ही एकत्र टाकले तर खोबरं भाजण्याऐवजी वाफवतं आणि रस्सा फिका दिसतो. खोबरं तपकिरी व्हायला लागलं की उतरवा, काळं पडलं तर कडू होतं. त्यात बारा-पंधरा लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं घालून अगदी गंधासारखं वाटा. मग दोन वाडग्यांत निम्मं-निम्मं काढा. मटणात फिरवलेला चमचा परत वाटणात जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, ती इथेच टळते. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असतील तर त्यांचं खोबरं धणे आणि दोन-चार मिऱ्यांबरोबर आधीच वाटून घ्या.

काळे वाटाणे आदल्या रात्री भिजवा, दहा-बारा तास तरी. मीठ घालून पाच-सहा शिट्या. कोकम किंवा टोमॅटो आधी घालू नका, आंबटात कडधान्य मऊ पडत नाही. आमसुलं शेवटच्या पाच मिनिटांत. शिजवलेलं पाणी फेकू नका, चव त्यातच आहे.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. दोन वाट्या पाणी, चार-पाच शिट्या, बोकड जून असेल तर आणखी दोन. कुकर आपोआप उतरू द्या. घाईने शिटी उचलली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस दोरखंडासारखं होतं.

आता दोन कढयांत फोडणी, प्रत्येकी दोन चमचे मालवणी मसाला, वाटण, आपापलं पाणी. शाकाहारी रस्सा नेहमी पातळ आणि पोकळ का लागतो? मटणातली चरबी आणि हाडांतून सुटलेलं जिलेटिन रस्सा दाट करतं, ते इथे नसतं. बरेच जण ही उणीव गरम मसाल्याने भरायला जातात आणि घसा जाळून घेतात. त्यापेक्षा मूठभर शिजलेले वाटाणे वाटणाबरोबर वाटा आणि तेल एक चमचा जास्त घाला. वाटाण्याऐवजी सुरण घेतलात तर फोडी आधी कोकमाच्या पाण्यात उकडा, नाहीतर घसा खाजतो. कोवळा फणसही उत्तम, फक्त विळीला आणि हाताला आधी तेल लावा.

हिशेबवाला

तिसऱ्या प्रश्नावर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वाढत्या मुलांना किलोमागे थोडी जास्त.

कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं, पण आपण वरण किती पातळ करतो यावर ताटातला आकडा ठरतो. ३० ग्रॅम डाळीची घट्ट वाटी साडेसहा ग्रॅम देते, पाणचट वाटी तीन. ४० ग्रॅम मटकीची उसळ नऊ, पाव लिटर दूध आठ, वाटीभर दही पाच, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे सात-साडेसात. सहा मध्यम चपात्यांचे पंधरा-सोळा. बेरीज केली तर शाकाहारात ५० सहज होतात. भात, बटाट्याची भाजी, लोणचं आणि पातळ वरण असं ताट असेल तर होत नाहीत. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन धान्यात कमी, मिथिओनिन डाळीत कमी, म्हणून दोन्ही हवीत. एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात आली की पुरे.

मांसाहाराची बाजू: शंभर ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये वीस-बावीस ग्रॅम, एका अंड्यात सहा-सात. ही प्रथिनं पचायला सोपी आणि थोड्या खाण्यात जास्त मिळतात, हे मान्यच करायला हवं. त्यातलं लोह शरीर चटकन उचलतं. पालेभाजीतलं लोह लिंबू पिळलं तर बरं शोषलं जातं आणि जेवणावर चहा प्यायला की अडतं.

पण आपल्याकडचे बहुतेक "मांसाहारी" आठवड्यातून एक-दोनदाच खातात. उरलेल्या पाच दिवसांचं ताट शेजारच्या शाकाहाऱ्यासारखंच असतं. रविवारचं मटण बुधवारची पातळ आमटी भरून काढत नाही. दोन्ही बाजूंनी भांडण्याऐवजी डाळ मोजावी.

पानफुटी

इतकी चर्चा झाली आणि दुधाचा विषय कोणी काढला नाही. गाय-म्हैस दूध देते ती व्याल्यावर. निम्मी पिल्लं नर असतात आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना शेतात काम नाही. जिवाची हिंसा नको म्हणून मटण सोडणाऱ्याने खव्याच्या पोळीचाही विचार करावा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत.

मेंढरं_बसवा

नाचणी ज्या शेतात पिकते तिथे खत कुठून येतं? धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवायला शेतकरी आजही धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडीखत आयतं पडतं. माणदेशासारख्या कमी पावसाच्या भागात ज्या माळावर काहीच पिकत नाही तिथे शेळी बाभळीचा पाला खाऊन जगते. त्या शेळीला आणि मका-सोयाबीनवर वाढवलेल्या ब्रॉयलरला एकाच मापाने मोजू नका. दुधाबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र खोडता येत नाही.

दुपारची_उसळ

रिंग, विळी, घासणी आणि सासूबाईंचा वेगळा कप्पा एवढं पक्कं केलं. आतडी घरात येणार नाहीत. एक राहिलं: सासूबाईंच्या पायांना मुंग्या येतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत असेल असं सगळे म्हणतात. आंबवलेलं खाल्लं की ते मिळतं का? आणि त्याच्या गोळ्या शाकाहारी असतात का?

हिशेबवाला

इडली, आंबील, स्पिरुलिना (पावडर-गोळ्यांत मिळणारं शेवाळ) यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं शरीराला न वापरता येणारं रूप आहे. शाकाहारात बी-१२ दूध-दह्यातूनच येतं. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज २.२. सासूबाई दिवसाला चहापुरतंच दूध घेत असतील तर कमी पडणारच. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण आणखी घटतं, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आधी रक्त तपासा. फक्त फॉलिक ॲसिड सुरू केलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. मुंग्या आल्या आहेत म्हणजे तपासणी लांबवू नका.

बी-१२ कारखान्यात जंतूंच्या आंबवणातून बनतं, ते शाकाहारीच. अडचण कॅप्सूलची: तिचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. जिभेखाली ठेवायची साधी गोळी मागा. तिच्याबरोबर कोणी ड-३ जीवनसत्त्व लिहून दिलं तर ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं असतं. मेंढी त्यासाठी मारावी लागत नाही, पण निर्णय सासूबाईंनी करायचा.

तुळशीमाळ

पाकिटांचंही बघा. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराला पूर्वी तपकिरी ठिपका होता, २०२० च्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला. अंडं त्रिकोणातच मोडतं. परदेशातून कोणी मार्शमेलो किंवा पार्मेझान चीज आणलं तर त्यावर आपली खूण नसते: पहिल्यात जिलेटिन, दुसऱ्यात दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट. हे दोन्ही मुलांच्या कप्प्यात.